धोंडू आणि नकुसा

एक विद्यार्थिनी
(तृतीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी सत्राच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वर्गात हजेरी चालली होती. यादी नवी असल्यामुळे प्रत्येकाचे नाव वडिलांच्या नावासकट वाचले जात होते. एका मुलाच्या नावापुढे ‘धोंडिबा’ असे वडिलांचे नाव आले आणि मागच्या दोन बाकांवरून हशा उसळला. तो मुलगा ‘हजर’ म्हणाला आणि मान खाली घालून वहीत काहीतरी लिहू लागला. हसणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे लिहिणार आहे ते कोणाला शहाणपण शिकवण्यासाठी नाही, एवढे त्यावरून वाचकांच्या ध्यानात यावे.

संध्याकाळी हा प्रसंग मी घरी मोठ्या रंगात येऊन सांगितला. आजी शेंगा फोडत बसली होती. तिचा हात थांबला.

“हसाय काय झालं गं? तुझ्या पणजोबाचं नाव काय हुतं, ठावं हाय का तुला?”

मला ठाऊक नव्हते. माजघरात त्यांची तसबीर आहे, पण तिच्याखाली नुसती आद्याक्षरे आहेत. पहिले अक्षर ‘धों’. इतकी वर्षे ती तसबीर पाहिली, पण हा ‘धों’ म्हणजे काय हे विचारावेसे कधी वाटले नाही.

आजीने सांगितलेली हकीकत अशी. पणजोबांच्या आधीची चार मुले पाळण्यातच गेली. पाचव्या खेपेला मुलगा झाला, तेव्हा सुईणीने तो आईच्या कुशीत दिलाच नाही. फडक्यात गुंडाळून थेट परड्यातल्या उकिरड्यावर नेऊन ठेवला. ठरल्याप्रमाणे शेजारीण आली, “कुणाचं गं हे टाकलेलं प्वार?” असे मोठ्याने म्हणत तिने ते उचलले आणि घरी आणले. मग घरच्यांनी पसाभर कोंडा देऊन स्वतःचेच मूल तिच्याकडून विकत घेतले. बाराव्या दिवशी नाव ठेवले धोंडू. “मामंजी ऐंशी वर्सं जगलं,” आजी म्हणाली, “आन् तू हसतीस.”

त्या दिवसापासून मी या नावांच्या मागे लागले. ग्रंथालयात थोडे वाचले, पण खरे शिकले ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून.

धोंडा म्हणजे दगड. तो वाटेत पडलेला असतो, त्याला कोणी उचलून नेत नाही, त्याचा कोणी हेवा करीत नाही. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घराला वाटे की आपल्या मुलावर कोणाची तरी वाईट नजर आहे, मृत्यू आपल्याच दाराशी टपून बसला आहे. त्याने पाळण्यात डोकावलेच तर त्याला आत मूल दिसू नये, दगड दिसावा, म्हणून नाव धोंडू किंवा दगडू. त्याला केरकचरा दिसावा म्हणून केरू, केरबा. कोंड्याच्या मोबदल्यात घेतलेला म्हणून कोंडू, कोंडिबा. पाच घरी भीक मागून आणलेल्या कापडाचे अंगडे ज्याला घातले, तो भिकू किंवा भिकाजी. मुलींच्या नावांतही धोंडाबाई, दगडाबाई, भिकाबाई आहेत. ज्यांच्या घरी दारिद्र्य होते त्यांनीच ही नावे ठेवली असे मुळीच नाही. मृत्यू कोणाची जमीन किती हे विचारून येत नसे.

मला या नावात आणखी एक गोष्ट दिसते. धोंडा कोणी उचलत नाही हे खरे, पण धोंडा टिकतो. ऊन, पाऊस, वारा यांनी तो मरत नाही. आपल्या गावच्या शिवेवरचे कितीतरी देव म्हणजे शेंदूर लावलेले धोंडेच की! तेव्हा आईने वरकरणी मुलाची किंमत शून्य केली, पण मनातून त्याला दगडाचे आयुष्य मागितले. एवढा धूर्तपणा आणि एवढी माया दोन अक्षरांत मावलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही.

ही युक्ती केवळ मराठी माणसाची नाही. बंगालमध्ये तीनकडी, पाचकडी अशी नावे आहेत. तिथे मूल तीन किंवा पाच कवड्यांना विकून परत घेतल्याचा देखावा करीत. तमिळमध्ये ‘पिच्चै’ म्हणजे भिक्षा, म्हणजे तो आपला भिकाजीच. जिथे जिथे पाळणे रिकामे होत होते, तिथे तिथे आयांनी मृत्यूला फसवण्याची हीच एक वाट शोधली.

आता या नावाला हसावे असे त्यात काय आहे? ब्रह्मावर्ताला राहणाऱ्या दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दत्तकपुत्राचे नाव धोंडोपंत होते. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे ते हेच. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. १८५८ मध्ये जन्मलेले हे धोंडो १९६२ पर्यंत, म्हणजे एकशे चार वर्षे जगले. दगडाचे आयुष्य म्हणतात ते हेच असावे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांविरुद्ध उभ्या राहिलेल्या मराठवाड्यातल्या बाईचे नाव दगडाबाई शेळके. पुण्याच्या ज्या गणपतीपुढे आपण सगळे हात जोडतो, तो ज्या दगडूशेठ हलवाईंच्या नावाने ओळखला जातो, त्यांच्या नावाला कोणी हसल्याचे ऐकिवात नाही.

मग आपण हसतो ते कशाला? मला वाटते, आपण नावाला हसत नाही, नावामागच्या माणसाच्या पायरीला हसतो. एकाच नावाची तीन रूपे पाहा. कचेरीत बसणारा तो धोंडोपंत, नांगर धरणारा तो धोंडिबा आणि ज्याला वाड्याच्या बाहेरून हाक मारायची तो धोंड्या. दगड एकच, पण त्याला ‘पंत’ लावायचे, ‘बा’ लावायचा की नुसता ‘या’ लावून फेकून द्यायचा, हे आईबापांनी ठरवले नाही, गावाने ठरवले. २०१४ मध्ये ‘टाइमपास’ चित्रपट आला तेव्हा त्यातल्या दगडूवर आपल्या पिढीने जीव ओवाळून टाकला. पडद्यावर दगडू आला की शिट्ट्या आणि वर्गात धोंडिबा आला की हशा. यात विसंगती आहे, ती आपली आहे.

इथपर्यंत लिहून मी थांबले असते तर हा लेख सरळ झाला असता. जुनी नावे कशी अर्थपूर्ण आहेत, त्यांचा अभिमान कसा बाळगावा, असा शेवट करून मोकळी झाले असते. पण त्याच चौकशीत मला नथू हे नाव भेटले आणि गाडी अडली.

मुलगे जगत नसतील तर नव्या मुलाचे नाक टोचून त्यात नथ किंवा वाळी घालायची, त्याला मुलीसारखे वाढवायचे आणि नथू म्हणायचे, अशीही एक चाल होती. मृत्यूला वाटावे की ही मुलगी आहे, आणि त्याने पुढे जावे. ही चाल ऐकून मी आधी हसले आणि मग विचारात पडले. मृत्यूपासून लपवायचे तर दगड करा, केर करा, कोंडा करा, नाहीतर मुलगी करा! म्हणजे ज्या वस्तूंना कोणी हात लावणार नाही अशा वस्तूंच्या रांगेत मुलगी कुठे बसवली होती, ते या एका नथीने सांगून टाकले.

हे मी आजीला बोलून दाखवले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझ्या धाकट्या भैनीचं नाव नकुसा हुतं.”

आमच्या सातारा-सांगली भागातल्या वाचकांना हे नाव समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगते. नकुसा, नकुशी, नकोशी ही सर्व ‘नको’ या एकाच शब्दाची लेकरे. तीन-चार मुली झाल्या आणि आणखी एक झाली की तिचे नाव नकुसा ठेवायचे, म्हणजे देवाला निरोप पोचतो आणि पुढचा मुलगा होतो, असा समज. हरियाणात अशा मुलीला ‘भतेरी’ म्हणतात, म्हणजे पुरे झाल्या. बंगालीत ‘आन्नाकाली’, म्हणजे कालीमाते, आणखी नको. तमिळनाडूत ‘वेंडाम’, म्हणजे सरळ ‘नको’च. चीनमध्ये मुलीला ‘चाओदी’ म्हणतात, त्याचा अर्थ ‘धाकट्या भावाला बोलावणारी’. भाषा वेगळ्या, पण निरोप तोच.

वरवर पाहता धोंडू आणि नकुसा ही भावंडे वाटतात. दोन्ही नावे तुच्छतेची आणि दोन्ही दैवाला उद्देशून ठेवलेली. आपल्याकडे पुष्कळदा ती एकाच यादीत, ‘विचित्र ग्रामीण नावे’ म्हणून टाकली जातात. पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. धोंडू हे नाव खोटे बोलते. मूल जिवापाड हवे असते, म्हणून ते नको असल्याचे सोंग केलेले असते. नकुसा हे नाव खरे बोलते. धोंडूचा निरोप मृत्यूला असतो: ‘याला नेऊ नकोस.’ नकुसाचा निरोप देवाला असतो: ‘अशी पुन्हा देऊ नकोस.’ धोंडू मोठा झाला की कोणीतरी आजी त्याला त्याच्या नावाची गोष्ट सांगते आणि त्याला कळते की आपण किती लाडके होतो. नकुसाला गोष्ट सांगावी लागत नाही. रोज कोणी हाक मारली की ती तिला ऐकूच येते.

माझ्या आजीच्या बहिणीचा निरोप तर पोचलाही नाही. तिच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली. “नाव फुकट ग्येलं बघ,” आजी म्हणाली. तिच्या बोलण्यात हसू होते की रडू, ते मला कळले नाही. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले आणि नकुसाची लक्ष्मी झाली. सासरी लक्ष्मी, माहेरी शेवटपर्यंत नकू. मुलीचे नाव लग्नात बदलण्याच्या चालीवर आपण आपल्या वादविवाद मंडळात तावातावाने बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या चालीने एखादीची सुटकाही होत असेल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. स्वतःचे नाव टाकून देताना बाईला हायसे वाटावे, यापरते त्या नावाबद्दल काय सांगावे?

आता मूळ मुद्द्याकडे येते. धोंडू हे नाव आज बारशाला ऐकू येत नाही. का? लोकांना ते ओंगळ वाटू लागले म्हणून? ते एक कारण आहे, पण खरे कारण निराळे आहे. १९७१ मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला आणि महाराष्ट्रात तो १६ होता. देवीचा रोग १९७५ नंतर देशातून नाहीसा झाला. धनुर्वात, घटसर्प, गोवर यांवर लसी आल्या, आरोग्यकेंद्रे आली, परिचारिका दारोदार फिरल्या. ज्या भीतीपोटी धोंडू जन्माला आला ती भीतीच ओसरली. तेव्हा धोंडू हे नाव आपल्या सुधारलेल्या अभिरुचीने संपवलेले नाही, ते दंडावरच्या लसीने संपवले. एखाद्या नावाला यापेक्षा चांगले मरण येणार नाही.

मग नकुसाचे काय? ते नावही कमी होत गेले. पण इथे माझ्या मते सावध राहिले पाहिजे. सोनोग्राफीचे यंत्र आले आणि पोटातच मुलगा की मुलगी हे कळू लागले. ते थांबवण्यासाठी १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांच्या आधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने केला. तरीही जनगणनेचे आकडे पाहा. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. नकुसा हे नाव ठेवायला निदान मुलगी जन्माला तरी यावी लागते! जी जन्मलीच नाही तिचे बारसे होत नाही आणि तिचे नाव कोणत्याही यादीत येत नाही. धोंडू हे नाव दवाखान्याने संपवले आणि नकुसा हे नावही काही अंशी दवाखान्यानेच संपवत आणले. पहिल्या दवाखान्यात मूल वाचले, दुसऱ्यात नावाची गरजच उरली नाही. म्हणून एखादे वाईट नाव ऐकू येईनासे झाले की लगेच टाळी वाजवू नये. ते कशाने गेले, हे आधी विचारावे.

ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्याला एक आगळा समारंभ झाला. जिल्ह्यातल्या नकुसा, नकोशी अशा नावांच्या मुली शोधून काढल्या गेल्या आणि त्यांपैकी २८५ मुलींना एकाच दिवशी नवी नावे देण्यात आली. अशा प्रयत्नांना ‘नुसता देखावा’ म्हणून नाक मुरडणारे असतात. मी त्यांच्यात नाही. ज्या मुलीला शाळेत रोज हजेरीला ‘नको’ अशी हाक ऐकावी लागत होती, तिला दुसऱ्या दिवशीपासून दुसरी हाक ऐकू येणे ही लहान गोष्ट नव्हे. हजेरीच्या वेळचा हशा कसा असतो ते मी आतून पाहिले आहे.

परंतु नाव बदलणे म्हणजे दारावरची पाटी बदलणे. घर आतून बदलले का, हा प्रश्न उरतोच. ऐश्वर्या नावाची मुलगीही नकोशी असू शकते. आज आपण ज्या सुंदर नावांच्या मुलींबरोबर बाकावर बसतो, त्यांतल्या कितीजणींना घरी मुलगा होईपर्यंतची वाट म्हणून वाढवले गेले असेल? नाव गोंडस असले की तो प्रश्न झाकला जातो, एवढाच फरक. नकुसा या नावाचा एकच गुण होता. ते घराची लाज उघड्यावर मांडत होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या घरात धोंडू आहे त्याने ते नाव आद्याक्षरांत लपवू नये, कारण त्यात त्या घरातल्या बाईने मृत्यूशी घेतलेली झुंज आहे. ज्या घरात नकुसा होती त्याने तेही विसरू नये, पण अभिमानाने नव्हे, तर हिशेब म्हणून. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात आईचे नाव लिहिणे आवश्यक झाले आहे. जिच्या पोटी मुली झाल्या म्हणून जिला बोल लावला जाई, तिचे नाव आता कागदावर बापाच्या आधी येते. याचे मला मनापासून कौतुक वाटते. कागद पुढे गेला आहे, आता माणसांनी त्याला गाठायचे आहे.

शेवटी एक सांगायचे राहिले. मी माझ्या घरातली तिसरी मुलगी. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी आजीला सहज विचारले, “माझ्या वेळी कुणी काही म्हणालं होतं का गं?” मला वाटले होते, ती ‘नाही’ म्हणेल. तिने शेंगांचे सूप बाजूला सारले. “म्हनलं हुतं की. मीच म्हनलं हुतं, नकुसा ठेवा.” मग थोड्या वेळाने ती म्हणाली, “तुझ्या आईनं ऐकलं न्हाई. तिनं दवाखान्यात कागदावर आदीच नाव लिवून दिलं हुतं.”

जिच्या सख्ख्या बहिणीने हे नाव जन्मभर वागवले, तिनेच ते नातीसाठी सुचवले होते. मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण ते सांगताना तिने माझ्याकडे पाहिले नाही, वर्गातला तो मुलगा जसा वहीकडे पाहत होता तशी ती सुपाकडे पाहत होती. आणि आई आत भाकरी थापत होती. तिने एका कागदावर वेळेवर चार अक्षरे लिहिली नसती, तर गेल्या वर्षीच्या हजेरीला हशा कुणाच्या नावावर झाला असता?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, “असू दे गं. बाबांच्या आधी तीन गेले होते.” एवढेच. आमच्या दोघांच्याही घरात एकच गोष्ट होती. त्याला ती ठाऊक होती, मला नव्हती, म्हणून मी हसले.

मित्रमैत्रिणींनो, सुटीत घरी जाल तेव्हा आपल्या आजीला, पणजीला तिच्या माहेरच्या नावाची आणि घरातल्या जुन्या नावांची गोष्ट विचारा. काही गोष्टी ऐकून तुम्हांला अभिमान वाटेल, काही ऐकून मान खाली जाईल. दोन्ही ऐकून घ्या. आमच्या घरी आता पणजोबांच्या तसबिरीखालची चिठ्ठी बदलली आहे. पूर्ण नाव लिहिले आहे.